इलाइसानेला आधी वाढा

मेलेनाइतेला सातव्या वर्षी आत्याने मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे अक्षरशः. सेलुवाइया आत्या लिफुका बेटावरून होडीने आली, भावाच्या अंगणात चटईवर बसली, चार पोरींवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "ही." बापाच्या बहिणीला नाही म्हणायची आमच्या टोंगात रीत नाही. तिने डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, पोर मागितली तर पोर. आईने दोन फ्रॉक गुंडाळून दिले, बापाने होडी पाण्यात ढकलली, आणि पोर आत्याची झाली.

छळ झाला असं कुणी समजू नये. आत्या तोंडाने फटकळ होती, हाताने नव्हती. पण त्या घरात सदा पंधरा माणसं. झोपायला चटईची कड, अंघोळीला टाकीमागचा आडोसा, रडायला जागाच नाही. आमच्या बेटावर एकटं बसलेलं माणूस दिसलं की लोकांना दोनच कारणं सुचतात, एक तर हे आजारी असणार, नाही तर काहीतरी चोरून आलेलं असणार. म्हणून मेलेनाइतेने डोक्याच्या आत जागा केली.

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात एक चित्र होतं. नदी, नदीवर दोराने ओढायची नाव, आणि काठावर एक दुमजली घर. नदी तिने आजतागायत पाहिलेली नाही. आमची हापाईची बेटं भाकरीसारखी सपाट, पाऊस पडला की पाणी टाकीत नाही तर जमिनीत. वाहणारं गोडं पाणी, तेही कुणाच्या मालकीचं नसलेलं, हीच मुळी तिला परीकथा वाटली. ती त्या चित्रात शिरली ती शिरलीच. त्या जागेला ती 'काठ' म्हणायची. काठावरच्या त्या घराची ती मालकीण. घराला अकरा खोल्या, प्रत्येक खोलीला दार, दाराला आतून कडी. नदी ओलांडणारे लोक रात्रीपुरते तिच्याकडे उतरत आणि आत येण्याआधी दार वाजवत. बहिऱ्या कानाचा टपालवाला होता, आंबे चोरणारा न्यायाधीश होता, नावाड्याची तीन वेळा मोडलेली सोयरीक होती. सगळे तिला विचारल्याशिवाय पान हलवत नसत.

पोरवयात हे शोभतं. पण मेलेनाइते विसाची झाली, तिसाची झाली, चाळिशी उलटून सेहेचाळीसची झाली, तरी काठ सुटला नाही. कपडे वाळत घालताना, चटई विणताना, ओहोटीला खडकात शिंपले वेचताना तिचे ओठ हलायचे. लोकांसमोर ती ओठ दाबून धरायची. एकटी असली की मात्र सगळं उघड, वाकून नमस्कार, हातवारे, दोघांचे दोन आवाज. एकदा खडकावर शेजारच्या वाइसेवाने तिला पकडलं.

"काय गं, समुद्राशी बोलतेस? उत्तर देतो का तो?"

"देतो की. तुझ्यापेक्षा कमी बोलतो एवढंच."

"आणि वाकत कुणाला होतीस?"

"शिंपल्याला. मोठा होता."

वाइसेवा पोट धरून हसली. मेलेनाइतेही हसली, पण घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. दारू पिणाऱ्याला लोक दारुडा म्हणतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात. हिच्या व्यसनाला नावच नव्हतं. आणि नुकसान काय कमी झालं होतं? फोआ बेटावरच्या एका मास्तरने तिला मागणी घातली होती. आत्या नाही म्हणाली. दुसरी एखादी पोर रडली असती, भांडली असती, रातोरात पळून गेली असती. मेलेनाइते त्या आठवड्यात काठावर नावाड्याचं लग्न जुळवत होती. मास्तरची होडी निघून गेली हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला वाईट वाटण्याऐवजी थोडं हलकंच वाटलं, आणि या हलकं वाटण्याची लाज तिला पुढे वीस वर्षं पुरली.

चार वर्षांपूर्वी आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि हळूहळू जीभही जड होत गेली. आत्याला मुलं दोन. थोरला फेआओ, गावच्या चर्चमधला मानकरी, पलीकडच्याच घरात राहणारा. धाकटी इलाइसाने, ऑकलंडला. पण फेआओ म्हणजे मेलेनाइतेचा आतेभाऊ, आमच्यात तो भाऊच, आणि वयात आलेल्या बहिणीच्या निजायच्या खोलीत भाऊ पाऊल टाकत नाही. मेलेनाइते आता आत्याच्याच खोलीत निजायची. तो रोज सकाळी अंगणात उभा राहून, तोंड आंब्याच्या झाडाकडे करून विचारायचा, "झोप लागली का आईला?" आणि उत्तर ऐकून निघून जायचा. इलाइसाने आठ वर्षांत आली नव्हती. लग्न करून ती नवऱ्याच्या पंथाच्या चर्चमध्ये गेली होती. आठ वर्षांपूर्वीच्या नाताळात ती घरी आली आणि म्हणाली, "आई, उद्या मी तुझ्या नाही, आमच्या चर्चला जाईन." आत्याने सगळ्यांदेखत तिच्या पुढचं ताट उचललं आणि कुत्र्यांपुढे ठेवलं. इलाइसाने उठली ती थेट विमानतळावर गेली.

घरातली बाकीची माणसं तोवर एकेक करून बाहेरदेशी पांगली होती. तेव्हा आत्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं एकट्या मेलेनाइतेकडे. ते तिने चोख केलं, उगाच खोटं कशाला बोला. आत्याच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. गावाने तिची उदाहरणं दिली. पण आजाऱ्याच्या खोलीत तास लांब असतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मेलेनाइतेला असं माणूस सोबतीला मिळालं होतं ज्याला काही नीट बोलता येत नव्हतं. ओठ दाबायचं कारणच उरलं नाही. ती आत्याच्या उशाशी बसून उघड काठावर जायला लागली.

ज्या दिवशी आत्या गेली त्या दिवशी काठावर पूर आला होता. टपालवाल्याच्या मुलीचं लग्न, वऱ्हाड पलीकडे अडकलेलं, दोर तुटायला आलेला. मेलेनाइतेचं तीन दिवस हेच चाललं होतं आणि दुपारी चारच्या सुमाराला ते अगदी रंगात आलं. न्यायाधीश म्हणत होता दोर कापा. ती त्याला उत्तर देणार होती. उत्तर चांगलं होतं. त्याच वेळी आत्याच्या घशातून आवाज आला. मेलेनाइतेने ऐकला. थोड्या वेळाने परत आला, या वेळी लांबट, शब्दासारखा. मेलेनाइतेने मान न वळवता तिच्याकडे तळहात उभा केला. मध्ये बोलणाऱ्या पोराला आपण करतो तसा. जरा थांब.

ती वळली तेव्हा आत्याच्या खालच्या ओठावर माशी बसली होती. माशी उडत नव्हती.

तिने माशी हाकलली, डोळे मिटवले, जबड्याला फडकं बांधलं आणि अंगणात जाऊन हाक मारली. फेआओ धावत आला, उंबऱ्याशी थबकला, सवयीने आंब्याकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"तू जवळ होतीस ना?"

"होते."

"काही बोलली का?"

मरणाऱ्या माणसाचं शेवटचं बोलणं म्हणजे आमच्यात अर्धं मृत्युपत्र. त्यावरून भांडणं मिटतात, लग्नं ठरतात. म्हातारं माणूस न बोलता गेलं तर लोक आधी विचारतात, उशाशी कोण होतं? मेलेनाइतेच्या डोळ्यांपुढे तो उभा केलेला तळहात आला. ती म्हणाली, "हो."

"काय?"

"इलाइसाने आली की सांगेन."

हा तिने मिळवलेला वेळ होता, दुसरं काही नाही. पण तीन दिवसांत त्याचं काय झालं! सेलुवाइया लेकीसाठी निरोप ठेवून गेली, ही बातमी गावभर झाली. पाववाल्याला कळली, धक्क्यावरच्या हमालांना कळली. फेआओने ऑकलंडला फोन करून सांगितलं, "ये. आई तुझ्यासाठी बोलून गेलीय." इलाइसाने कदाचित आलीही नसती. त्या एका वाक्यावर ती आली.

मयताला आलेल्या माणसांत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि ती कमरेच्या चटईवरून कळते. मृताच्या भावाची मुलं सगळ्यांत खालची. मेलेनाइतेने घरातली सगळ्यांत जुनी, झिरझिरीत, कडा झडलेली चटई काढली आणि छातीपर्यंत गुंडाळून दोरीने बांधली. केस मोकळे सोडले, ते दहा दिवस विंचरायचे नाहीत. आणि ती मागच्या बाजूला जमिनीतल्या भट्टीपाशी गेली, तिची जागा तीच. तिथे धुरात, डुकरं सोलणाऱ्या माणसांत आणि अळवाच्या पानांत नारळाचं दूध बांधणाऱ्या बायकांत तिला बरं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं तर धुराने आलं म्हणता येत होतं. तिने ठरवलं होतं, इलाइसाने आली की तिला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं की आत्या काही बोलली नाही, घाबरून मी हो म्हटलं. संपलं. फार तर दोन थोबाडीत बसतील.

वाइसेवा शेजारी पानं बांधत होती. "मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"तू? तू तर गावाची घंटा."

"बरं, एवढंच सांग, गोड बोलली की कडू?"

"पानं नीट बांध. दूध गळतंय."

इलाइसाने आली ती चाळिशीची, जाड झालेली, विमानाच्या प्रवासाने पाय सुजलेली बाई. लहानपणी जिच्या वेण्या मेलेनाइतेने घातल्या होत्या ती कुठे दिसेना. ती आईजवळ गेली, वाकली, थंड कपाळाचं चुंबन घेतलं आणि तशीच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मेलेनाइते कुठाय?"

"भट्टीवर," कुणीतरी म्हणालं.

"बोलवा तिला."

"अगं, ती आता आत कशी येईल? तिची पायरी..."

"पायरी गेली खड्ड्यात. मी बोलावतेय."

तेव्हा ती फाटकी चटई गुंडाळलेली, राखेच्या हातांची मेलेनाइते त्या खोलीत आली, जिथे किनारीच्या तलम चटया नेसलेल्या मानाच्या बायका बसल्या होत्या, आणि मृताच्या डोक्याशी तिला बसवलं गेलं. बाजूला घेणं वगैरे राहिलंच. साठ माणसांचे डोळे.

"माझं नाव घेतलं तिने?" इलाइसानेने विचारलं. तिचा आवाज लहान पोरीचा झाला होता.

नाही म्हणायला एक शब्द लागतो. मेलेनाइतेने तोंड उघडलं आणि चाळीस वर्षं काठावर दोन्ही बाजूंचं बोलणं रचणारी जीभ आपसूक चालू लागली. आत्याने डोळे उघडले. डावा हात हलवला. मी म्हटलं, पाणी हवं का? मान हलवली, नाही. दाराकडे बघितलं, कुणी आल्यासारखं. आणि स्पष्ट, अगदी स्पष्ट म्हणाली, "इलाइसाने आली वाटतं. तिला आधी वाढा."

कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तिला सगळं ठाऊक होतं. मग इलाइसानेच्या पोटातून जो आवाज निघाला तो ऐकून अंगणातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. दाराबाहेर फेआओ भिंतीला डोकं टेकून रडला. भावंडं आठ वर्षांनी समोरासमोर बसून बोलली. आणि मेलेनाइतेला, हे सगळ्यांत वाईट, क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं. जमलं, असं वाटलं. मग ती मागे भट्टीकडे गेली आणि धूर जास्त होता तिथे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाद्रींनी प्रवचनात तेच वाक्य घेतलं. मेलेनाइते सगळ्यांत मागे उभी होती. वाइसेवाने तिला कोपर मारलं आणि कुजबुजली, "चमत्कारच म्हणायचा. सेलुवाइया आयुष्यभर म्हणाली, आधी मला वाढा. मरताना सुधारली बघ."

मेलेनाइतेने तिच्याकडे पाहिलं. वाइसेवाला संशय आला होता की ती नेहमीसारखी नुसती टोचत होती, काही कळेना.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. जो येईल त्याला इलाइसाने म्हणे, "मेलेनाइते, सांग ना यांना." आणि तिला सांगावं लागे. पहिल्या दोन वेळा तिने शब्द तेच ठेवले. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की आपण त्यात आत्याचा एक सुस्कारा घातलाय. तिने जीभ चावली. कामाच्या आडून ती काठावर पळू पाहायची, पण तिथे काही हलत नव्हतं, सगळे नुसते तिच्याकडे बघत उभे राहायचे. खरा तो आवाज, तो लांबट दुसरा आवाज, ती पुन्हा पुन्हा आठवू बघायची. त्यात 'पाणी' होतं का? कुणाचं नाव होतं का? आता तिने इतक्या वेळा ते खोटं वाक्य म्हटलं होतं की आवाजाच्या जागी तेच ऐकू येई. आत्याचं खरं शेवटचं बोलणं जगात एकाच माणसाच्या कानावर पडलं होतं आणि त्या माणसाने ते पुसून टाकलं होतं.

सातव्या दिवशी इलाइसानेने पांगाईच्या दुकानातून काळं मखमली कापड आणलं. आमच्याकडे कबरीच्या मागे दोन खांबांवर मोठी गोधडी लावतात, झालरीची, वर अक्षरं शिवलेली. वाऱ्यापावसात वर्षं न् वर्षं ती अक्षरं गाव वाचत असतं.

"वर नाव," इलाइसाने म्हणाली, "आणि खाली तिचं वाक्य. पांढऱ्या साटिनमध्ये. लांबून दिसलं पाहिजे. तू शिव. शाळेचे झेंडे तूच शिवतेस ना?"

"कापड पुरणार नाही एवढ्या अक्षरांना."

"अजून आणते."

"नुसतं नाव छान दिसेल."

"मेलेनाइते, मला ते वाक्य हवंय. मला ते ऑकलंडला नेता येत नाही, म्हणून इथे तरी लावून जाते."

मेलेनाइतेने अक्षरं कापली. दोन दिवस पाय दुमडून शिवत बसली. आत्याचं नाव झालं, 'इलाइसानेला' झालं, 'आधी' झालं. तिचा हात इतका सफाईदार की येणारी जाणारी बाई थांबून म्हणे, काय शिवतेस गं, छापल्यासारखं. ती मान वर करत नसे. आधीचं खोटं तोंडचं होतं, वारा घेऊन गेला असता. हे सुईदोऱ्याने पक्कं होत होतं, आणि खाली जमिनीत ती बाई होती जी असं कधी बोललीच नव्हती.

दहाव्या दिवशी सुतक सुटतं. फाटक्या चटया जाळतात आणि खालच्या पायरीच्या बायकांचे केस कापतात. कापायचा हक्क वरच्या पायरीच्या माणसाचा, म्हणजे आत्याच्या मुलीचा. सकाळची उन्हं अंगणात आली होती. बायका भट्टीपाशी शेवटच्या जेवणाची तयारी करत होत्या. इलाइसाने कात्री घेऊन ओसरीवर बसली, मेलेनाइते पायरीवर, तिच्याकडे पाठ करून. दहा दिवस न विंचरलेले केस, धुराचा वास. गोधडी शेजारीच पसरलेली, 'वाढा' तेवढं शिवायचं राहिलेलं.

पहिली बट पडली.

"इलाइसाने."

"हलू नकोस."

"ती ते म्हणाली नाही."

कात्री थांबली.

"काय म्हणाली नाही?"

"तुला वाढायचं. तुझं नावही नाही. ते मी रचलं."

भट्टीपाशी कुणीतरी हसत होतं. मग इलाइसाने अगदी हळू म्हणाली, "मग काय म्हणाली?"

"मला माहीत नाही."

"तू तिथे होतीस."

"होते."

"झोप लागली होती तुला?"

इलाइसानेचा हात तिच्या डोक्यावर होता, आणि तो मऊ पडत चालला होता. "झोपच लागली असणार. चार वर्षं जागलीस तू. दगडालाही झोप लागेल. मग घाबरलीस आणि बोलून गेलीस. असंच ना? सांग, असंच ना?"

नुसती मान हलवायची होती. चार वर्षं सेवा केलेल्या बाईचा डोळा लागला, याला गावात कुणी नाव ठेवलं नसतं. उलट डोळे पुसले असते. मेलेनाइतेला ते अगदी हाताशी दिसत होतं, आयतं, नीटनेटकं, अर्धं शिवलेलं. पण हेही रचलेलंच होतं. आणि या वेळी तर ते रचून देणारी दुसरीच होती.

"नाही. जागी होते."

"मग?"

"मी खेळत होते."

"काय?"

"खेळत. डोक्यात. एक गाव आहे. सात वर्षांची होते तेव्हापासून. नदी आहे तिथे, माणसं आहेत. मी तिथे जाते. त्यांच्याशी बोलते." हे एवढं एक वाक्य तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बाहेर आल्यावर ते भयंकर दिसत होतं, सेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडात तर फारच.

"वेड लागलंय का तुला?"

"नाही गं. वेड असतं तर बरं. मला कळतं ते खोटं आहे. दर वेळी कळतं. तरी जाते."

"आणि आई मरत होती."

"तिने आवाज केला. दोनदा. मी ऐकला."

"ऐकलास?"

"मी तिला हात केला. थांब म्हणून."

इलाइसाने ओसरीवरून उतरली आणि तिच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात कात्री तशीच होती. "कसा केलास? दाखव."

"इलाइसाने..."

"दाखव म्हणते ना."

त्या स्वच्छ उन्हात, अर्धवट कापलेल्या केसांनी, मेलेनाइतेने तळहात उभा केला. इलाइसानेने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अंगणापलीकडून वाइसेवाने पाहिलं आणि ती ओरडली, "काय गं, कात्री लागली काय?"

"काही नाही!" इलाइसानेने ओरडून उत्तर दिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खाली कर तो. खाली कर."

ती पुन्हा ओसरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आई आहे का तिथे? त्या तुझ्या गावात?"

"नाही."

"कधीच नव्हती?"

"येऊच दिली नाही मी."

"आणि मी?"

मेलेनाइतेने मान खाली घातली. "ओळखीचं कुणीच नाही."

"कुणीच नाही," इलाइसाने म्हणाली. "पंधरा माणसांचं घर, आणि एकालाही घेतलं नाहीस. आईने तुला शाळेत घातलं, पोरीसारखं वाढवलं... मी आईचं ताट मनात आठ वर्षं धरून बसले, पण ते ताट तरी खरं होतं गं." तिने नाक पुसलं, गोधडी ओढून मांडीवर घेतली, आणि 'आधी'च्या पहिल्या टाक्यात कात्रीचं टोक घातलं. मग थांबली. गोधडी तिने मेलेनाइतेच्या मांडीवर टाकली.

"तूच उसव. आईचं नाव राहू दे. बाकी सगळं काढ. जेवणाआधी."

"लोक विचारतील."

"सांगेन, अक्षरं वाकडी आली."

"वाकडी नाहीत. सगळ्यांनी पाहिलीत."

"मग काय सांगू? तू सांगतेस उठून, सगळ्यांना? पाद्रींना? फेआओला? चार दिवसांपूर्वी तो मला म्हणाला, आपण एकाच आईची आहोत. त्याला सांगतेस?"

मेलेनाइतेने सुई उचलून पहिला टाका उचकला.

"मीही नाही सांगणार," इलाइसाने म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, ध्यानात ठेव. त्याच्यासाठी. आणि आई माझ्यासाठी काही बोललीच नाही, हे मला सगळ्यांच्या तोंडून ऐकवणार नाही म्हणून. लोक तुझे गोडवे गातील आणि तू ऐकून घ्यायचे. दर वेळी. तुला तोंडातून चकार शब्द काढता येणार नाही."

"बरं."

कात्री पुन्हा चालू लागली, या वेळी भराभर, जरा जास्तच जवळून. मांडीवरच्या मखमलीवर कापलेले करडे केस पडत होते आणि मेलेनाइते ते झटकून एकेक टाका उसवत होती. तिचे टाके पक्के होते. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि जिथून अक्षर निघालं तिथे मखमल दबून त्याचा आकार राहत होता. ती बोटाने घासून बघत होती, जाईना.

"मी सोमवारी गेले की," इलाइसाने मागून म्हणाली, "घरात तू एकटीच. जाशील का परत तिकडे?"

मेलेनाइतेच्या हातातली सुई थांबली. नाही म्हणायला एकच शब्द लागला असता. लाजेने तिची मान, कान, कापलेल्या केसांखालची उघडी पडलेली कातडी, सगळं पेटलं होतं.

"जाईन," ती म्हणाली. "राहवणार नाही मला."

इलाइसानेने मेलेनाइतेचं डोकं दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलं, फार हळू नाही, फार जोरातही नाही.

"मान खाली घाल," ती म्हणाली. "मागचे राहिलेत अजून."